टोपल्यासकट माप

बूट पायात गेला खरा, पण निघायचं नाव घेईना.

मी बाकावर बसून ओढत होते, पार्बताआत्या मागून माझे खांदे धरून ओढत होती, आणि अमरावतीचा तो दुकानदार हात जोडून विनवत होता, "बाई, जपून... कापड फाटंल!"

"फाटू द्या," मी म्हटलं. "माहा पाय फाटला तवा कोनी एवढं बोंबललं नाई."

दाराशी कोणीतरी खुदकन हसलं.

मी मान वळवली. बाहेर आखाडाचा पाऊस धरून बसला होता, आणि दारात एक उंच तरुण उभा होता – केसांतून पाणी निथळतंय, सदऱ्यावर तेलाचे डाग, हातात स्वतःचीच अंगठा तुटलेली चप्पल. हसू दाबायची त्याची खटपट चालली होती, पण डोळे काही ऐकत नव्हते.

"हसाले काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई बाप्पा... बूट हरला, म्हून हसलो."

माझ्या पायाला आजवर पुष्कळ जण हसले होते. बुटाला हसणारा हा पहिलाच.

पायांचं सांगायचं तर लहानपणी मोटेच्या बैलाने माझ्या उजव्या पायावर पाय दिला होता. हाड जुळलं, पण पंजा सुपासारखा पसरला तो पसरलाच. डावा लांब आणि उजवा रुंद, अशी ही जोडी. उन्हाळ्यात अनवाणी निभून जायचं. पावसाळ्यात मात्र डोक्यावर भाजीचं टोपलं घेऊन काळ्या मातीच्या चिखलातून अमरावतीला यायचं, म्हणजे बोटांच्या बेचक्यांत चिखल्या ठरलेल्या. कातडी सोलून निघायची. त्या साली रक्तच यायला लागलं, तेव्हा मी घरात सांगून टाकलं की आता पायात काहीतरी घालणार, मग कोणी काही म्हणो.

"बायकांचा पाय एवढा नसते, बाई," दुकानदार कुरकुरला. "माह्याजवय बायकांच्या मापात हेच हाय."

"मंग हा पाय कोनाचा हाय? बैलाचा?"

दारातला तरुण पुढे आला. खिशातून एक चपटी कुपी काढली आणि मला न देता आत्याच्या हातात ठेवली. "टाचेपाशी दोन थेंब सोडा, आत्याबाई. लारीचं तेल हाय. गंजलेली नटबी निंघते यानं."

आत्याने धारच सोडली. बूट सुळकन निघाला, आणि त्याच्याबरोबर आत्या मागच्या खोक्यांच्या ढिगात जाऊन बसली. दुकानदाराने तेलकट बूट हातात घेतला, आणि त्याचं तोंड उघडायच्या आत आम्ही तिघं बाहेर पन्हाळीखाली होतो.

त्याचं नाव गोवर्धन. आमच्यासारखेच माळी, अकोल्याचे. मोर्णेकाठी त्यांचा भाजीचा मळा होता. गोवर्धन मात्र मळा चुलत्याच्या हाती सोडून मोटारलारीवर चढला होता. मोर्शी, अमरावती, अकोला अशी त्याची लारी फिरायची. हंगामात संत्री, एरवी मिळेल तो माल.

"दुकानातला बूट तुमाले नाई व्हत," तो म्हणाला. "तो कोन्या तिसऱ्याच बाईच्या पायाचा असते. तुमी करून घ्या. जुना टायर हाय माह्याजवय. त्याचा तळ लावला तं चिखल काय आन काटा काय... इतवारा बजारात निंबाखाली पुंजारामबुवा बसते, तो करून देईन."

"तुमाले काहून एवढी काळजी?"

"मले? मले लारीची काळजी. तुमी अशा लंगडत रस्त्यानं जाता, मले दर खेपी ब्रेक मारा लागते."

"दर खेपी? म्हंजे पाहून राहिले होते काय?"

तो एकदम पावसाकडे पाहायला लागला. "रस्त्याकडं पाहा लागते ना... लारी चालोतो म्हनल्यावर."

आत्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मी पदर डोक्यावर घेतला आणि निघाले. लंगडत होते, पण त्या दिवशी जरा कमी दुखलं.

पुढच्या बाजाराला तो खरंच टायरचा तुकडा घेऊन हजर. आता आमच्याकडे बायकांच्या पायाला परका माणूस हात लावून माप घेत नाही. बाईने आडोशाला बसायचं, घरच्या बाईने पायाभोवती दोरा गुंडाळून गाठी मारायच्या, आणि तो गाठींचा दोरा कारागिराच्या हाती द्यायचा. पुंजारामबुवांनी मान खाली घालून आरी घासायला घेतली. गोवर्धन आमच्याकडे पाठ करून निंबासमोर उभा राहिला. आत्या दोरा गुंडाळत बसली.

"झालं काय?" गोवर्धनने निंबाला विचारलं.

"नाई," मी म्हटलं.

"पाय लयच मोठा हाय वाट्टे."

"तुमच्या तोंडापेक्षा लहान हाय."

निंबाकडे तोंड केलेल्या माणसाचे खांदे हलायला लागले. आत्याची गाठ चुकली आणि तिने मला चिमटा काढला.

चपला आल्या. अंगणात घालून फिरले तेव्हा इतक्या बऱ्या वाटल्या, की माय म्हणाली, "आता नाचतं काय व?" पण बाजाराच्या दिवशी डोक्यावर टोपलं घेऊन नाल्याच्या पुढे गेले आणि पट्टे करकचून रुतायला लागले. अमरावती येईपर्यंत दोन्ही करंगळ्यांवर फोड. मी तरातरा निंबाखाली गेले, चपला काढल्या आणि पुंजारामबुवांच्या समोर आपटल्या. गोवर्धन तिथेच बसला होता. अलीकडे त्याच्या लारीला इतवाऱ्यातच काम निघायचं.

"कोनं घेतलं हे माप?"

"तुमच्याच आत्याबाईनं," तो म्हणाला.

मी आत्याकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं, आणि मग माझं मलाच कळलं. "तवा मी बसून होती!" मी म्हटलं. "मी बजारात बसून येते काय? वझं घेऊन उभं राहिलं का पाय पसरते. बुवा, माप पुन्हा घ्या. टोपल्यासकट घ्या."

"शकुन!" आत्याने माझा हात धरला. "भर बजारात? लोक काय म्हनतीन?"

"लोकायच्या पायाले फोड येत नाई, आत्या."

पुंजारामबुवा जरा घुटमळले, मग हसून एक पुठ्ठा पुढे सरकवला आणि कोळसा शोधायला लागले. मी पुठ्ठ्यावर पाय ठेवून उभी राहिले. वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांनी भरलेलं टोपलं पुढ्यात होतं. ते एकटीला उचलत नाही, कोणीतरी हात लावावा लागतो. आत्या रागाने हलेना. गोवर्धन उठला.

टोपल्याला हात लावणं ही आमच्यात रोजची गोष्ट. वाटेवरचा कोणीही लावतो. पण त्याने टोपलं माझ्या डोक्यावर टेकवलं आणि सोडलंच नाही. इतक्या जवळ आला होता की त्याच्या सदऱ्याचा पेट्रोलचा वास आणि ओल्या सांबाराचा वास एक झाला.

"सोडा," मी हळूच म्हटलं.

"सोडतो... पन वझं लय हाय."

"रोजचंच हाय."

"रोज?" तो माझ्या डोळ्यांत बघत राहिला. "आन आमी म्हनतो, लारी वझं वाहते."

त्याने हात काढले. ओझं मानेवर आलं, पंजे पसरले, आणि बुवांनी कोळशाने त्यांच्याभोवती रेघ ओढली. जमलेल्या बायका कुजबुजत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "पोट्टी आगाऊ हाय." मी मान हलवू शकत नव्हते, म्हणून नुसती हसले. जन्मभर ते टोपलं वाहिलं होतं. ते जड असेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. मला गोवर्धन आवडला. त्याच निंबाखाली, त्याच घडीला आवडला, आणि ते मी मनाशी कबूल करून टाकलं.

दुसरी जोडी मात्र माझीच झाली. खाली टायरचा तळ, वर एरंडेलात मुरवलेलं चामडं, बोटांपाशी मोकळी वाट म्हणजे आलेलं पाणी निघून जाईल, आणि टाचेमागे बकलाचा पट्टा, म्हणजे चिखलाने कितीही ओढलं तरी पायाबाहेर पडायची नाही. एक चप्पल लांब, एक रुंद. बघायला ध्यान होतं. घालून चालायला लागले की मात्र गाणं म्हणावंसं वाटायचं. चिखल्या सुकल्या. मी नाल्यातून सरळ चालत जायची आणि ओली चप्पल घालूनच दिवसभर बाजार करायची.

आमच्या गावाच्या तोंडाशीच मारुती आणि मारुतीपुढे पार. पारावर गावची मोठी माणसं बसलेली. पारासमोरून जाताना बायकांनी चप्पल काढून हातात घ्यायची, अशी रीत. आमच्याकडे घालणाऱ्याच थोड्या, त्यामुळे रीत कधी कोणाला बोचली नव्हती. आणि सगळ्या गावाचं पाणी येऊन साचायचं ते नेमकं पारासमोर. चिखल घोट्याच्या वर.

मी पहिल्या दिवशी तशीच गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. मग नत्थुजी, पारावरचे सगळ्यांत वडील, बाबांना म्हणाले, "जानराव, पोरगी आमच्या तोंडापुढून चपला फटफटवत जाते. आमी काय मेलो काय?"

बाबा घरी आले ते खाली मान घालून. "चार पावलं तं हायत, शकुन. काढत जाय ना."

"त्या चार पावलातच सारा चिखल हाय, बाबा."

बाबा काही बोलले नाहीत. माय दोन दिवस बोलली.

भादव्यात गोवर्धनकडून मागणी आली. आत्यानेच जुळवून आणलं; वरून मला दटावायची, आतून तिला माझ्याहून घाई. अकोल्याहून त्याचे चुलते केशवराव आले, त्याची आई गोदाबाई आली, आणि नवा सदरा घातलेला गोवर्धन आला. मी गहू घातलेल्या पाटावर बसले. नाव विचारलं, स्वयंपाक विचारला, चालून दाखवायला सांगितलं. माझे पाय पाहून केशवरावांनी नाक मुरडलं नाही, याचं मला बरं वाटलं. मग ते बाबांकडे वळले. येताना पारावर त्यांनी पान खाल्लं होतं, आणि पानाबरोबर बाकीचंही कानावर आलं होतं.

"आमच्याबी वस्तीत पार हाय, जानराव. आमच्या सुना पारासमोर वाहना हातात घेतेत. तुमची पोरगी घेईन ना?"

"घेईन जी," बाबा म्हणाले. "लहान हाय अजून. समजंल तिले."

"नाई घेनार," मी म्हटलं.

दाखवायला बसलेली मुलगी विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि मला कोणी विचारलं नव्हतं. मी गोवर्धनकडे पाहिलं. एक शब्द बोल, मनात म्हणत होते, एवढंच म्हण की चिखल फार असतो. तो पाटाच्या कडेकडे बघत बसला. कान लाल झाले होते त्याचे. तोंड उघडलं नाही.

केशवराव उठले. "पोरगी चांगली हाय," टोपी नीट करत ते बाबांना म्हणाले, "पन आमाले झेपाची नाई."

सगळे निघाले. गोदाबाई मागे राहिल्या. बाहेर ओसरीखाली माझ्या चपला होत्या. त्यांनी एक उचलली, तळ दाबून पाहिला, पट्ट्यात बोट घालून पाहिलं. त्यांच्या लुगड्याच्या काठाखाली बोटं दिसत होती, बेचक्यांत सोललेली, पांढरी. मग काही न बोलता चप्पल होती तशी ठेवून त्या गेल्या.

मी त्या रात्री उशी भिजवली. तसं सांगायला मला लाज नाही. चपला काढल्या असत्या तर तो मिळाला असता, हे मला कळत होतं. आणि ज्या माणसाने टोपलं जड आहे म्हटलं, तोच पाटाकडे बघत बसला, हेही कळत होतं. दुसरं जास्त दुखत होतं.

तो पुढच्या बाजाराला आला. मी मेथी मोजत राहिले.

"शकुन... ऐक ना."

"मेथी पायजे काय?"

"आमच्या घरी काकासमोर कोनी बोलत नाई. माहा बाप गेला तवापासून त्यायनंच..."

"लारीचा भोंगा तं अर्ध्या अमरावतीले ऐकू येते," मी म्हटलं. माझा आवाज कापायला लागला, म्हणून मी तो आणखी चढवला. "तुमचा आवाज कुठं गेला होता? उद्या मी तुमच्या घरात येईन. तिथं मले कोनी काई म्हनलं, तवाबी पाटाकडंच पाहान काय? मंग मी कोनाच्या भरोशावर येऊ?"

पाऊस त्याच्या मानेवर पडत होता. तो म्हणाला, "बरोबर हाय तुहं." आणि गेला. मागे वळून पाहील असं मला वाटलं होतं, पण त्याने पाहिलं नाही. त्यानंतर त्याची लारी इतवाऱ्यात दिसेना.

हस्ताचा पाऊस लागला. एका दुपारी मी रिकामं टोपलं काखेत मारून गावात शिरत होते, तर नाल्यापलीकडे लारी उभी. चिखलामुळे पुढे आली नव्हती. आणि पाराच्या अलीकडे, माझ्या पुढे काही पावलांवर, गोवर्धन आणि गोदाबाई चालले होते. गोदाबाईंच्या पायात चपला होत्या. टायरचा तळ, टाचेमागे बकल, अजून एरंडेलाने चमकणाऱ्या नव्याकोऱ्या.

पारावर नत्थुजी होते, आणखी पाचसहा जण होते, आणि कडेला बाबाही बसले होते.

गोदाबाई पारापाशी आल्या आणि थबकल्या. मला वाटतं, त्यांनी ठरवून काही केलं नाही. जन्मभराची सवय, हात आपोआप खाली बकलाकडे गेला. वाकल्या. एक पाय चिखलात, एक वर, आणि बोटांना नव्या बकलाचा पट्टा सुटेना.

"माय," गोवर्धन म्हणाला. "काढू नोको."

आवाज मोठा नव्हता, पण पारावर सगळ्यांना गेला.

"कावून रे?" नत्थुजी ताठ झाले. "गावची रीत हाय."

"राम राम, नत्थुजी." गोवर्धनने हात जोडले. "रीत तुमची हाय. चिखल माह्या मायच्या पायात जाते. मी लहानपनापासून तिचे पाय पाहून राहिलो, अन् एकडाव बोललो नाई. काकासमोरबी नाई बोललो. काल बोललो. आता इथं बोलून राहिलो. माही माय चपला घालून जाईन. आन जानरावांची शकुन मले बायको पायजे, तेबी चपला घालूनच. तिनं त्या काढल्या तं मले लग्न नाई कराचं."

मी टोपलं खाली टाकलं, चिखल तुडवत पुढे गेले आणि गोदाबाईंचा दंड धरला. त्या सरळ झाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. "मीबी टोपल्यासकट माप देल्लं व. लय हसले लोक."

मला रडू यायला लागलं आणि हसूही. गोवर्धन वळला. मी मागे उभी आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"तू... केव्हा आली?"

"भोंगा वाजला तवा," मी म्हटलं.

"मंग? ऐकलं ना सारं?" तो पार विसरून माझ्याकडे बघत होता. "काई म्हनशीन का नाई?"

मी पाराकडे तोंड केलं. नत्थुजींकडे पाहिलं, मग बाबांकडे. "मले त्या दिवशी कोनी इचारलं नाई," मी म्हटलं, "आजबी कोनी इचारत नाई. म्हून आपल्याच मनानं सांगून देते. मले पोरगा पसंत हाय."

नत्थुजींनी पागोटं काढलं, झटकलं, पुन्हा डोक्यावर ठेवलं. "जानराव," ते म्हणाले, "ऐकून राहिला काय तू? तुही पोरगी काय बोलून राहिली?"

बाबा उठले. एरवी ते पारावरून सगळ्यांत शेवटी उठायचे. धोतर सावरून खाली उतरले, चिखलात दोन पावलं टाकून आमच्यापाशी आले. मला वाटलं, आता माझा हात धरून ओढत घरी नेतील. त्यांनी माझं टोपलं उचललं, काखेत घेतलं, आणि सगळ्या पाराला ऐकू जाईल अशा आवाजात गोदाबाईंना म्हणाले, "चाला इहीनबाई, घरी चाला. चहा ठेवाले सांगतो."